चाकांवरचे घर : आमचा तीन मुक्कामांचा प्रवास



काही लोक घरच गाडीत घेऊन सहलीला जातात. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. तिच्यात झोपायचे बाक, स्वयंपाकाचा ओटा व पाण्याची टाकी असते. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गुरुजींनी ही माहिती सांगितली तेव्हा मी म्हणालो, "गुरुजी, आम्ही तर दर वर्षी तसेच जातो!" वर्गात हशा पिकला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मग तूच लिही."

माझे आई-दादा ऊसतोड करतात. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात. दिवाळीच्या सुमारास ते सोलापूरच्या पलीकडे कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परत येतात. पूर्वी मीही जायचो. माझी दुसरी आणि तिसरी अशीच अर्धी अर्धी बुडाली. यंदा मी व धाकटी बहीण आजीजवळ राहिलो व शाळा शिकलो. शेवटी काकांच्या टेम्पोतून आम्ही त्यांना आणायला गेलो.

गाडीची तयारी

टेम्पोवर बांबू वाकवून ताडपत्री बांधली. खाली उसाचे पाचट व त्यावर गोधड्या. कोयते पोत्यात गुंडाळून कडेला बांधले. पिठाचा डबा, तवा, परात, काथवट, कंदील आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन कॅन. माणसे सहा. रोज कॅन भरून घ्यायचे काम माझे होते, म्हणून मी हिशेब ठेवला :

पिण्यास — १८ लिटर
स्वयंपाक व भांडी — १४ लिटर
हात, पाय, तोंड धुणे — ८ लिटर
एकूण — ४० लिटर

म्हणजे पिण्यास दर माणशी ३ लिटर. आंघोळ मिळेल तिथे! घरी आपण पाणी मोजत नाही, म्हणून ते किती सांडते ते कळत नाही.

निघताना आजी दादांना म्हणाली, "इतकी वर्सं ह्या रस्त्यानं जातोस, पोरांला काय दाखवलंस?" दादा गप्प बसले. मग काकांना म्हणाले, "घे वाकडी वाट. नळदुर्गाला थांबू."

पहिला मुक्काम : नळदुर्ग

रात्री एका ढाब्याच्या मागे मालकाला विचारून गाडी लावली. टेम्पोच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडली. सकाळी किल्ला पाहिला. येथे बोरी नदीवर मोठा दगडी बांध आहे व त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात इ. स. १६१३ मध्ये बांधला. पावसाळ्यात बांधावरून पाण्याचे दोन धबधबे पडतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. वरून पाणी कोसळते तरी आतली खोली कोरडी राहते! आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता, त्यामुळे धबधबे नव्हते. आत मात्र गार वाटले.

आईला वाचता येत नाही. तिने मला माहितीचा फलक वाचायला लावला, आणि एकदा नाही, दोनदा. पलीकडचे दोन पाहुणेही ऐकत उभे राहिले. आई त्यांना म्हणाली, "माझं पोरगं हाय." मला लई लाज वाटली, पण बरेही वाटले.

दुसरा मुक्काम : तुळजापूर

दादा दर वर्षी भवानीआईला चालत्या गाडीतूनच हात जोडत. मुकादमाची गाडी थांबत नसे. ह्या वेळी पायऱ्या उतरून गेलो, गोमुख तीर्थावर हातपाय धुतले व दर्शन घेतले. आजी बराच वेळ उठलीच नाही.

तिसरा मुक्काम : तेर

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर आहे. संत गोरा कुंभारांचे हे गाव. याचे जुने नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक ग्रीक भाषेत लिहिले गेले. त्यात तगरचा उल्लेख आहे. येथून कापड व मलमल गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जाई व पुढे जहाजातून परदेशी जाई. तेरला हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरातही सापडली आहे. येथील वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिले. त्रिविक्रमाचे जुने विटांचे मंदिरही आम्ही पाहिले.

संग्रहालयातली मातीची भांडी पाहून आई म्हणाली, "आपल्यावाणीच चुलीवर रांधत असतील." दादा म्हणाले, "गाड्या भरून जाणारी माणसं तवाबी व्हती म्हणायची."

त्या रात्री गोधडीवर पडल्या पडल्या मी विचारले, "दादा, पुढल्या साली मला नेणार का?" ते म्हणाले, "गाडीत नेईन, पण पट्टा पडल्यावर. अशीच. तोवर शाळा." चौथ्या दिवशी दुपारी घर आले.

लक्षात ठेवा

१. मुक्कामाच्या जागेसाठी मालकाची परवानगी घ्यावी.
२. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतून वर माती टाकावी.
३. आपला कचरा आपल्याच पोत्यात भरून न्यावा.
४. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरू नये. नाव वहीत लिहावे.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात एका दिवसाला किती पाणी लागते? मोजून लिहा.
२. नकाशात नळदुर्ग, तुळजापूर, तेर व भडोच शोधा.
३. तुमचे आई-वडील नेहमी ज्या रस्त्याने जातात, त्या रस्त्यावर पाहण्यासारखे काय आहे? त्यांना विचारा. त्यांनी ते पाहिले आहे का, हेही विचारा.

— इयत्ता सातवीचा विद्यार्थी