फावल्या वेळचा संगणक : कमी खर्चात कसा उभारावा, किती चालवावा?

आमच्या पुतण्याने एका मोबाइल ॲपमध्ये ११ हजार रुपये घातले होते. "तुमच्या नावाने संगणक चालेल, रोज पैसे येतील," असे आमिष होते. दोन महिन्यांत ॲप बंद पडले आणि रक्कम बुडाली. काही दिवसांनी तोच मुलगा पुन्हा संगणकाची गोष्ट घेऊन आला, तेव्हा आम्ही त्याला दारातूनच परत पाठवणार होतो. तो म्हणाला, "बडे अब्बा, यात एक पैसाही मिळत नाही. उलट वीज आपलीच जाते." हे ऐकून आम्ही त्याला बसवून घेतले. जिथे नफ्याचे आमिष नाही, तिथे निदान ऐकून घ्यायला हरकत नसते. अट एकच घातली : आधी हिशोब मांड. त्या हिशोबाचाच हा धडा आहे.

१) हे काम काय आहे?

ईदच्या आधी शंभर ड्रेसची ऑर्डर आली की एक शिंपी ती पुरी करू शकत नाही. आपण ठाण कापतो, दहा घरी वाटतो आणि शिवून आलेला माल एकत्र करतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक याच युक्तीने बनवला. अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटले.

हीच वाटणी इंटरनेटवरून लोकांच्या घरच्या संगणकांत करता येते. 'फोल्डिंग ॲट होम' हे काम २००० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले. शरीरातील प्रथिने कशी दुमडतात याचा हिशोब त्यात होतो, आणि रोग समजून घेण्यासाठी त्याचा उपयोग होतो. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात जगभरातून लोकांनी आपले संगणक या कामाला लावले होते.

दुसरे काम 'आइन्स्टाइन ॲट होम' २००५ पासून चालू आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या आणि दुर्बिणींच्या नोंदी त्यात तपासल्या जातात. २०१० मध्ये अमेरिकेतील एक जोडपे आणि जर्मनीतील एक गृहस्थ यांच्या संगणकांवर एक नवा पल्सार तारा सापडला. गरगर फिरणाऱ्या ताऱ्यांपासून सतत येणारी गुरुत्वीय लहर मात्र अजून हाती लागलेली नाही. तिचा शोध चालू आहे. मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. याच जातीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली.

मालाची तपासणीही होते. 'आइन्स्टाइन'मध्ये एकच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना देतात आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच स्वीकारतात.

२) ग्राफिक्स कार्ड कशासाठी?

संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे मास्टर शिंपी. माप घेणे, कापणे, शिवणे, सगळे त्याला येते. पण हात दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काज-बटण करणाऱ्या शेकडो पोरांचा कारखाना. प्रत्येकाला एकच काम येते, पण सगळे एकाच वेळी करतात. एकसारखी आकडेमोड लाखो वेळा करायची असेल तिथे कार्ड पुढे जाते. म्हणून पैसा कार्डावर घालावा. मुख्य प्रोसेसर जुना चालतो. कार्डाला काम पुरवण्यासाठी त्याचा एक कोअर मोकळा असला म्हणजे झाले.

३) आम्ही काय घेतले?

कचेरीतून निघालेला जुना संगणक (८ जीबी मेमरी) ९ हजार, वापरलेले 'जीटीएक्स १६६० सुपर' कार्ड साडेनऊ हजार, नवा पॉवर सप्लाय साडेतीन हजार आणि छोटी एसएसडी २ हजार. एकूण २४ हजार रुपये. हे भाव बदलत राहतात, म्हणून खरेदीच्या दिवशी चार ठिकाणी विचारावे.

आमची पहिली चूक येथेच झाली. सुरुवातीला आम्ही बारीक पेटीचा संगणक आणला. कार्ड त्यात मावेना आणि त्याच्या पॉवर सप्लायला कार्डाची वायरही नव्हती. परत करताना ७०० रुपये कापले गेले. कापड घेताना आपण पन्हा मोजतो, तशी येथे पेटीची लांबी आणि वायर आधी पाहावी. ज्या कार्डाला वेगळी वायर लागत नाही, ते पाटीच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट घेते. लहान पेटीसाठी तेच बरे.

वापरलेले कार्ड घेताना सावध राहावे. इथेरियम या चलनाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी कार्डांवरचे 'मायनिंग' बंद केले. त्यानंतर दिवसरात्र राबवलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. कार्ड अर्धा तास पूर्ण भारावर चालवून दाखवायला सांगावे. पंख्याचा आवाज ऐकावा, तापमान पाहावे. नाव बदललेली नकली कार्डेही विकली जातात, म्हणून स्टिकरवर विश्वास न ठेवता तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव वाचावे. पॉवर सप्लाय मात्र नवा आणि चांगल्या कंपनीचा घ्यावा. आपल्याकडे वीज जाते-येते. तिथली बचत अंगाशी येते.

४) खरा खर्च विजेचा

किंमत एकदा द्यावी लागते, वीजबिल दरमहा. आमचा संगणक पूर्ण भारावर सुमारे १८० वॅट घेतो. हिशोबाला सोपा म्हणून युनिटचा दर १० रुपये धरू.

चोवीस तास चालवला तर रोज ४.३२ युनिट, महिन्याला सुमारे १,२९६ रुपये. म्हणजे साडेअठरा महिन्यांत संगणकाच्या किमतीइतकी वीज जळते. रात्री आठ तास चालवला तर महिन्याला ४३ युनिट, म्हणजे ४३२ रुपये. घरगुती बिलात वरच्या टप्प्यात गेले की दर चढतो, तेही ध्यानात ठेवावे.

यावर उपाय आहे. सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा सुमारे ७० टक्क्यांवर आणता येते. वीज जितकी कमी होते तितके काम कमी होत नाही. आम्ही १२५ वॅटचे कार्ड ९० वर आणले; महिन्याचा खर्च ३४८ रुपयांवर आला.

याच कारणाने फार जुने स्वस्त कार्ड महाग पडते. २०१४ चे 'जीटीएक्स ९७०' १४५ वॅट घेते आणि २०१९ च्या आमच्या १२५ वॅटच्या कार्डापेक्षा कमी काम देते. खरेदीत वाचलेले पैसे बिलात जातात.

५) उष्णता, धूळ आणि सावधगिरी

आधी आम्ही संगणक दुकानात, गल्ल्याखाली ठेवला होता. तीन आठवड्यांत सुताचा बारीक तंतू पंख्यात बसला आणि संगणक आपोआप बंद पडू लागला. आता तो घरी वरच्या खोलीत, फरशीपासून हातभर उंच ठेवला आहे. दर महिन्याला ब्रशने साफ होतो. एप्रिल-मे मध्ये बीडच्या उन्हात आम्ही तो बंदच ठेवतो.

वीज गेली तर घाबरू नये. झालेले काम थोड्या थोड्या वेळाने साठवले जाते. इन्व्हर्टरवर मात्र चालवू नये.

दुसऱ्याचा, शाळेचा किंवा कचेरीचा संगणक परवानगीशिवाय या कामाला लावू नये. ती अमानत आहे. या कामात नोंदणीची फी नसते आणि कमाईही नसते. कोणी फी मागितली किंवा रोजच्या कमाईचा वायदा केला, तर ते हे काम नव्हे असे समजावे. आमचे ११ हजार हा फरक ठाऊक नसल्यामुळेच गेले.

आता पुतण्या दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा आकडा वहीत लिहितो. ठरल्यापेक्षा बिल वाढले तर पुढच्या महिन्यात तास कमी. देणाऱ्याने आपली ऐपत मोजून दिले तर देणे टिकते.

अभ्यासासाठी : तुमचा संगणक १५० वॅट घेतो, रोज सहा तास चालतो आणि युनिटचा दर ९ रुपये आहे. तीस दिवसांचा खर्च किती? (उत्तर : २७ युनिट, २४३ रुपये.) हा आकडा दरमहा आनंदाने देता येत असेल, तरच खरेदीला निघावे.