मनगटातील गाठ आणि हाताची बधिरता

ऊसतोडीच्या हंगामात धुळे-नंदुरबारकडील अनेक कुटुंबे सुरत जिल्ह्यातील कामरेज परिसरात कोयता घेऊन मुक्कामास येतात. त्यांचे पोट मनगटाच्या बळावर चालते. म्हणून हाताला वारंवार येणाऱ्या मुंग्या केवळ थकव्याच्या समजून त्यांकडे दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

दाब कसा पडतो?

मनगटात ८ लहान हाडांची खोबण असून तिच्यावर एक चिवट आडवा पट्टा असतो. या अरुंद मार्गातून बोटे मिटविणारे ९ स्नायुबंध व एक मज्जातंतू जातो. आत सूज आली की मज्जातंतू दबतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी बहुधा शाबूत राहते. त्रास रात्री वाढतो. पुढे अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा झिजतो आणि हातातील वस्तू निसटू लागते.

गाठीची शंका केव्हा घ्यावी?

मनगटाचे सततचे श्रम, गरोदरपण, मधुमेह व संधिवात यांमुळे हा विकार बहुधा उद्भवतो. क्वचित मात्र आत वाढलेली चरबीची गाठ त्याचे मूळ असते. ती कर्करोगाची नसली तरी मज्जातंतू निकामी करू शकते. त्रास एकाच हातास असून मनगटापाशी मऊ फुगवटा दिसल्यास तिची शंका घ्यावी. विद्युत तपासणीत दाब कळतो. त्याचे कारण सोनोग्राफी वा एमआरआयने उमगते.

सुटी गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. एका दुर्मिळ प्रकारात मात्र चरबी मज्जातंतूतच गुंतलेली असते. ती काढू गेल्यास मज्जातंतूस इजा होते. म्हणून बहुधा केवळ पट्टा कापून जागा मोकळी करतात. अशा काही रुग्णांचे एखादे बोट बालपणापासूनच जाड असते. शिक्षकांनी अशा मुलांच्या पालकांस तपासणी सुचवावी.

काय करावे?

गाठ चोळू नये, डागू नये. बधिरतेसोबत त्वचेवर बधिर चट्टा असल्यास कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्यावरील औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. हंगाम संपण्याची वाट न पाहता जवळच्या आरोग्य केंद्रात जावे. तपासणीचे कागद जपून गावी न्यावेत, म्हणजे उपचार खंडित होणार नाहीत. स्नायू एकदा पुरता झिजला, की शस्त्रक्रियेनंतरही हाताची गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही.