मीटर खरं होतं

जुनी पिकअप घ्यायला निघालेला माणूस आधी मीटर बघतो. मीही बघितलं. सहा वर्षांची गाडी आणि आकडा साठ हजारांच्या आत. एवढ्या कमी आकड्याला कुणालाही शंका येईल तशी मलाही आली, की मीटर मागं फिरवलंय. म्हणून बुकावरच्या मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो आणि जुन्या नोंदी काढल्या. त्या जुळल्या. इंजिनाचा आवाज आमच्या मिस्त्रीनं दोनदा ऐकला, तोही ठणठणीत होता. म्हणजे गाडी दाखवणाऱ्या एजंटाचा एकेक शब्द खरा होता. आणि त्याच गाडीनं माझा टोमॅटोचा हंगाम खाल्ला.

आमचा जुन्नर तालुका टोमॅटोचा. उन्हाळी पीक सुरू झालं की नारायणगावच्या मार्केटमध्ये क्रेटच्या थप्प्या लागतात आणि शेतापासून मार्केटपर्यंत पिकअपची रांग असते. एका क्रेटमध्ये साधारण 20 किलो माल धरा. सतराशे किलोची पासिंग असलेल्या गाडीत हिशेबानं 85 क्रेट बसायला हवेत. हंगामात दीडशे चढवणारे मी रोज बघतो. म्हणजे तीन टन माल आणि तोसुद्धा डांबरी रस्त्यावर नाही. आधी नांगरटीतून बांधापर्यंत, मग पाणंदीतून गावापर्यंत, मग कुठं रस्ता. दहा-बारा किलोमीटरची फेरी, इंजिन नीट तापायच्या आत संपणारी. अशा फेऱ्यांनी साठ हजार भरले, तर त्या गाडीचं वय मीटर सांगूच शकत नाही. मी घेतलेली गाडी सहा वर्षं हेच करत होती.

पहिल्या पावसात वाशीला माल घेऊन निघालो होतो. माळशेज उतरताना मागचा डावा कोपरा बसल्यासारखा वाटला. मुरबाडला एका फिटरनं गाडीखाली झोपून चासीवरचा काळा रंग खरवडला. रंगाखाली पट्टी, पट्टीखाली वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या पलीकडं सरकलेली नवी चीर. पाट्याचा मागचा हँगर जिथं चासीला धरतो, नेमक्या त्याच जागी. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला, ते भाडं माझ्या डोक्यावर. मार्केटला उशिरा पोचलेल्या टोमॅटोला काय भाव मिळतो, हे इथं वेगळं सांगत नाही. एजंटाला फोन केला, तर तो शांतपणे म्हणाला, "शेठ, आपण इंजिनची गॅरंटी दिली होती. चासीचं कोण बोललं?"

त्याचं बोलणं मला चीड आणणारं वाटलं, पण त्यात एक खरी गोष्ट होती. आपण कारची पारख पिकअपला लावतो. कारमध्ये माणसं बसतात, म्हणून तिथं किलोमीटर बघणं ठीक. पिकअपला विचारायचं ते दुसरंच: तू काय वाहिलंस, किती वाहिलंस आणि तुला कोण चालवत होतं?

याची उत्तरं गाडीच देते, फक्त तिच्याखाली शिरायची तयारी हवी. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करून मागून दहा पावलांवरून बघा. एक बाजू खाली आहे का? केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर चासी वाकल्याची शंका धरायची. मग पाटे. कंपनीनं दिलेल्या पाट्यांमध्ये एखादा जास्तीचा घातलेला असेल, तर तो वेगळा दिसतो. त्याचा गंज वेगळा असतो, टोकं वेगळी कापलेली असतात. जास्तीचा पाटा म्हणजे जुन्या मालकानं आपण होऊन दिलेला कबुलीजबाब. उलट रिकाम्या गाडीचे पाटे सरळ पट्टीसारखे झाले असतील, तर त्यांचा दम गेलाय. हँगर, यू-बोल्ट, बुश हे सगळं टॉर्च लावून बघा. आणि खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर सरळ विचारा, का मारला? विकायच्या आधी गाडी धुणं मी समजू शकतो. जिथं गिऱ्हाईक सहसा बघत नाही तिथं रंग मारणाऱ्याचा हेतू मला अजून चांगला दिसलेला नाही.

टायरही बोलतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर नवे कोरे असतील, तर खूश होऊ नका. जुने कसे झिजले होते हे आता तुम्हाला कधीच कळणार नाही. एकाच कडेनं खाल्लेला जुना टायर मला जास्त उपयोगाचा वाटतो. निदान तो खोटं बोलत नाही.

कोकणातून आलेली स्वस्त गाडी दिसली, तर मासळी वाहिली का ते विचारा. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या तळातून चासीवर ठिबकत राहतं आणि लोखंड आतून पोखरतं. खताची गाडीही त्याच जातीची. हौद्यातला रबरी मॅट किंवा वरून ठोकलेला पत्रा उचलून बघायला कुणी नाही म्हणालं, तर तिथूनच परत फिरावं. 2019 साली कोल्हापूर-सांगलीत आणि 2021 च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी पुसून विकता येते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज आणि वायरिंगच्या जोडांतली माती हीसुद्धा त्याचीच खूण.

आता चालवून बघणं. रिकामी पिकअप चालवून बघणं म्हणजे दावणीला उभ्या बैलाची चाल बघणं. माल भरा. टनभर काहीही चालेल, खताची पोती, विटा, शेजाऱ्याचा कांदा. आमच्याकडं आळेफाट्यावरून आणे घाटापर्यंत नेऊन आणली की पुष्कळ कळतं. चढाला रेस वाढते पण गाडी वाढत नाही, तर क्लच प्लेट संपलीय. गिअर आपोआप सुटतो, तर गिअरबॉक्सचं काम निघणार. पाय काढल्यावर मागून गुरगुर येते, ती डिफरन्शियलची असते किंवा बेअरिंगची. तापमानाचा काटा चढभर एका जागी राहायला हवा. विकणारा भरलेली गाडी न्यायला नाही म्हणाला, तर डिझेल तुमचं आणि ड्रायव्हर त्याचा, असं सांगून बघा. तरीही नाहीच म्हणत असेल, तर उत्तर मिळालं.

इंजिनाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटखाली हात लावा. इंजिन गरम असेल, तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ते चालू करून ठेवलंय, कारण थंड इंजिन सेल्फवर किती वेळ घेतं हे तुम्हाला दिसू नये. दुसऱ्या दिवशी न सांगता जा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते उडायला लागलं आणि तिथून धुराचे भपके आले, तर रिंगा-पिस्टन दमलेत. निळा धूर ऑइल जळाल्याचा. काळा धूर डिझेल जास्त किंवा हवा कमी असल्याचा, तिथं कधी नुसता एअर फिल्टर निघतो, तर कधी नोझल. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते बदलल्यावर लगेच काळं पडतं. ऑइल दुधाळ दिसलं मात्र घाबरा. पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, आणि बहुतेक वेळा हेडचं गॅसकेट गेलेलं असतं.

1 एप्रिल 2020 नंतर विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-6 आहेत. त्यातल्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. गाडी लांब पल्ल्याला तापून पळाली की ही काजळी आतल्या आत जळते. दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती साठत जाते, दिवा लागतो, ताकद पडते. काही जण वैतागून तो फिल्टर काढूनच टाकतात. तो नवा बसवायचा खर्च मोठा आहे, आणि काढलेला सापडला तर पासिंगला तुम्हीच उभे असता. ज्या मॉडेलना डीईएफ लागतं, म्हणजे ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात ते, त्यांची ती टाकीही उघडून बघा. तिच्यात नळाचं पाणी ओतणारे महाभाग आहेत.

एक जागा कुणी बघत नाही, ती म्हणजे सीटच्या मागची. ऑइलची अर्धी बाटली, कूलंटचा कॅन, पाण्याच्या चार बाटल्या, ब्रेक ऑइलचा डबा, असं सामान तिथं सापडलं, तर त्या गाडीला रोज काय पाजावं लागतं हे लिहूनच ठेवलंय असं समजा.

आणि मग कागद. मला वाटतं आपल्याकडं निम्म्या पिकअप लोखंडात चांगल्या आणि कागदात खराब असतात. विकणारा एक आणि बुकावर नाव दुसऱ्याचंच, हे सर्रास चालतं. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेतलेली असते आणि गाडी तीन हात फिरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत. फॉर्म 29 आणि 30 त्यासाठीच. नाव बदलायचं राहिलं तर काय होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं: गाडी कितीही हात फिरली असली, तरी अपघाताची भरपाई बुकावर नाव असलेल्या मालकाकडून मागता येते. म्हणून बुकावरच्या माणसाला भेटल्याशिवाय इसार देऊ नका. तो गावाला गेलाय, आजारी आहे, परदेशात आहे, असली कारणं मी सगळी ऐकलीत.

बुकावर बोजा दिसत असेल, तर फायनान्सची एनओसी आणि फॉर्म 35 हातात घ्या. हप्ते 'जवळजवळ नील' अशी काही अवस्था नसते. हप्ते थकल्यानं ओढून आणलेल्या गाड्या यार्डातून स्वस्तात मिळतात, पण त्या जशा आहेत तशा घ्याव्या लागतात आणि आधीच्या मालकाचे दंड, कर, संपलेली पासिंग हे सगळं कुणाच्या माथी, ते लिहून घेतल्याशिवाय हात घालू नये. पासिंग 8 वर्षांपर्यंत दोन वर्षांची मिळते, पुढं दरवर्षी करावी लागते. भारासहित एकूण वजन 3000 किलोच्या वर असेल, तर परमिट लागतं. त्या मर्यादेच्या आतल्या गाडीला ते लागत नाही. चासीवर ठोकलेला नंबर बोटानं पुसून बुकाशी ताडून बघा. इंजिनचा नंबरही बघा, कारण बदललेलं इंजिन बुकावर चढवायचं राहून गेलेलं असतं.

ई-चलनांची यादी लोक फक्त दंड किती थकलाय हे बघायला काढतात. मी ती गाडीचं चरित्र म्हणून वाचतो. कुठल्या टोलवर, कुठल्या जिल्ह्यात, कशासाठी. जास्त भाराची चलनं दोन-तीन दिसली, की मालकाचं 'हलका माल होता हो' तिथंच संपतं. विम्याची पॉलिसीही तशीच वाचायची. चार वर्षं सलग विमा असून नो क्लेम बोनस शून्य असेल, तर गेल्या साली काय ठोकलं हे विचारा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर पॉलिसीवरून काहीच कळणार नाही, मग पत्र्याची पारख दुप्पट काळजीनं.

त्या चासीचं काम करून घेऊन मी ती गाडी विकली. गिऱ्हाइकाला वेल्डिंग दाखवलं आणि भाव त्या हिशेबानं घेतला. आता जी चालवतो ती पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली घेतलीय. मालक स्वतः चालवायचा. नाशिकहून ठाण्याला दुधाच्या पदार्थांची ठरलेली फेरी, वजन कायम मापात. क्लच प्लेट आणि दोन टायर घालावे लागणार हे दिसत होतं, तेवढे पैसे भावातून उतरवले. ड्रायव्हरच्या बाजूची काच अजून हातानं दाबून वर घ्यावी लागते.

ठरलेल्या रकमेतला एक हिस्सा नाव लागेपर्यंत मागं ठेवायचा असं मी घरून ठरवून गेलो होतो. बोलायला सुरुवात केली, तर तोच म्हणाला, "पैसे नंतर द्या हो, आधी गाडी माझ्या नावावरून काढा. उद्या कुठं ठोकलीत तर नोटीस माझ्या दारात येईल." आरटीओत आम्ही दोघं मिळून गेलो. ओटीपी त्याच्या मोबाइलवर आला, त्यानं लगेच सांगितला. विमा माझ्या नावावर करायचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. त्याचा बोनस मला मिळाला नाही, कारण तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही.