गर्भनिरोधक गोळी, ताण आणि स्मृती

१९३० साली म्हैसूर संस्थानच्या सरकारने बंगळूर व म्हैसूर येथील रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडली. सरकारने स्वतः असे काम हाती घेतल्याचे जगातील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय. मुंबईस र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच आपले केंद्र सुरू केले होते. त्या काळची बहुतेक साधने शुक्रजंतूंची वाट अडविण्यापुरतीच होती. १९६० साली अमेरिकेत मान्यता पावलेली गोळी मात्र निराळी आहे. तिच्यातील हॉर्मोने रक्तावाटे सर्व शरीरात, अर्थात मेंदूतही पोहोचतात.

गोळीचे कार्य

भारतातील ‘माला-एन’ या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम व एथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असते. पाकिटात अशा २१ गोळ्या व लोहाच्या ७ गोळ्या असतात. ही हॉर्मोने मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे संदेश रोखतात. त्यामुळे अंडाशयातून बीज सुटत नाही.

ताणाची प्रतिक्रिया

तोंडी परीक्षेसाठी दाराबाहेर थांबलेल्या विद्यार्थिनीचे उदाहरण घ्या. तिची छाती धडधडते, तळहात ओले होतात. मेंदूकडून पोष ग्रंथीस व तिच्याकडून मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींस संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे हॉर्मोन स्रवू लागते. रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. जे थोडे मोकळे राहते तेच पेशींवर कार्य करते.

गोळीतील इस्ट्रोजनामुळे यकृत हे बंधक प्रथिन अधिक तयार करते. त्यामुळे रक्तातील एकूण कॉर्टिसॉल वाढलेले दिसते. परंतु जर्मनीतील ट्रियर येथील संशोधकांनी परीक्षकांपुढे भाषण करावयास व तोंडी हिशेब करावयास लावून लाळेतील मोकळे कॉर्टिसॉल मोजले, तेव्हा गोळी घेणाऱ्या स्त्रियांत ते कमी वाढले. म्हणूनच कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करविताना आपण गोळी घेतो हे स्त्रीने वैद्यांस अवश्य सांगावे. नाहीतर निदान चुकण्याचा संभव असतो.

स्मृतीवर परिणाम

कॉर्टिसॉल भावनेने भारलेले प्रसंग मनावर ठसविण्यास साहाय्य करते. २०११ साली कॅलिफोर्नियातील लॅरी केहिल व सहकाऱ्यांनी स्त्रियांना एका अपघाताची कथा सांगून काही दिवसांनी आठवण तपासली. गोळी घेणाऱ्यांना कथेचा गाभा अधिक आठवला, तर न घेणाऱ्यांना बारीकसारीक तपशील. येथे स्मृती दुबळी झाली असे म्हणता येत नाही. लक्षात राहणाऱ्या गोष्टींची निवड बदललेली दिसते.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. गोळी घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रिया वयाने, प्रकृतीने वा राहणीने भिन्न असू शकतात. शिवाय प्रत्येक गोळीतील हॉर्मोने सारखी नसतात. म्हणून एखाद्या बातमीने घाबरून गोळी एकाएकी सोडणे शहाणपणाचे नाही, कारण नको असलेल्या गर्भधारणेचा धोका प्रत्यक्ष आहे. मात्र ‘मनाचे खेळ’ म्हणून स्त्रीची तक्रार उडवून लावणेही शास्त्रास धरून नाही. मनःस्थितीत पालट जाणवल्यास वैद्यांशी बोलावे; दुसरी गोळी किंवा हॉर्मोनरहित तांबी हे उपाय उपलब्ध आहेत. संततिनियमनाचे साधन हाती देणे हे अर्धे काम होय. त्याची पूर्ण माहिती देणे हे उरलेले अर्धे.