सायकलचा आरसा : मागचं बघायची सवय कशी लावायची?



घोडेगावात सायकलवर शाळेत येणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न नेहमी विचारते. मागून गाडी आली हे तुम्हाला कसं कळतं? उत्तर ठरलेलं, "मॅडम, आवाजावरून." मग विचारते, ती किती लांब आहे, एकच आहे की मागे अजून एक आहे, हे आवाजावरून कळतं का? इथे वर्ग गप्प होतो.

खरं सांगायचं तर गेल्या गाळप हंगामापर्यंत माझाही भरवसा कानावरच होता. सोनईच्या रस्त्याला मागून उसाचा ट्रॅक्टर आला. मी साइडपट्टीवर उतरले. ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली. झालं, म्हणून परत डांबरावर चढायला हँडल वळवलं, तर तिच्यामागे जोडलेली दुसरी ट्रॉली! बाहेर लोंबणारं वाढं दंडाला घासून गेलं. विचार करा, दुसऱ्या ट्रॉलीला इंजिन नसतं. आवाज पुढे निघून जातो आणि कान म्हणतो, 'गाडी गेली.' त्याच आठवड्यात मी आरसा बसवून घेतला.

मोटार वाहनाला मागचं दाखवणारा आरसा हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून तिला कुणी विचारत नाही. तसा गाडीवरचा आरसाही फार जुना नाही. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्लंडच्या मोटारचालक बाईंनी आपल्या पुस्तकात बायकांना सुचवलं होतं की गाडीत हातात धरायचा छोटा आरसा ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडतो. १९११ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून यांनी गाडीवर आरसा बसवला आणि ती शर्यत जिंकली. गाजावाजा शर्यतीचा झाला, पण लेव्हिटबाई दोन वर्षं आधीच सांगून गेल्या होत्या!

आता बसवायचं कसं ते बघू. आपण डाव्या बाजूने चालतो, गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून आरसा उजव्या मुठीजवळ. स्टँडवर लावलेल्या सायकलवर नेहमीसारखं बसा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा. आरशाच्या आतल्या कडेला आपला दंड जेमतेम दिसावा आणि मागचा रस्ता जिथे क्षितिजाला टेकतो ती जागा मधोमध यावी. निम्म्याहून जास्त आरसा आभाळ दाखवत असेल तर तो आपल्या कामाचा नाही. स्क्रू घट्ट करा. आपल्या खडीच्या रस्त्यांवर तो दोन दिवसांत ढिला होतो आणि शाळेच्या सायकल स्टँडमध्ये शेजारची सायकल त्याला हमखास धक्का देते. म्हणून निघताना एकदा बघायचंच.

पहिला आठवडा मात्र वाईट जातो. मी आरशातच बघत राहिले आणि सरळ खड्ड्यात गेले. नवीन वस्तूकडे डोळा ओढला जातो, त्याला इलाज नाही. तेव्हा सुरुवात मैदानावर करा. मनात 'एक' म्हणेपर्यंत बघायचं आणि नजर पुढे. काय दिसलं ते मोठ्याने बोलायचं : "मोटारसायकल", "काही नाही". सांगता आलं नाही तर टक लावू नका, जरा वेळाने पुन्हा एकदा बघा.

आता विज्ञानाचा भाग, आणि जिवाशी गाठ इथेच आहे. सायकलचे बरेचसे आरसे बहिर्वक्र असतात. नववीला 'प्रकाशाचे परावर्तन' या पाठात हे येतं : प्रतिमा आभासी, सुलट आणि वस्तूपेक्षा लहान. लहान असल्यामुळे रस्त्याचा जास्त भाग मावतो हा फायदा. पण लहान दिसणारी वस्तू आपल्याला लांब वाटते. समजा आरशाची वक्रता त्रिज्या ६० सेंमी आहे आणि डोळा आरशापासून ६० सेंमीवर. मग १० मीटरवरची गाडी जवळजवळ ३० मीटरवर असावी एवढी लहान दिसते. गाडीचा वेग ताशी ६० किमी, तुमचा १५. म्हणजे ती दर सेकंदाला साडेबारा मीटर जवळ येते. तुम्हाला वाटतं अडीच सेकंद आहेत, खरं तर एकही नाही.

हे वाचून पटत नाही, करून बघावं लागतं. सायकल स्टँडवर लावा. एका मित्राला मागे १०, २०, ४० पावलांवर उभं करा. आधी आरशात बघून अंतर सांगा, मग मान वळवून बघा. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एकाचाही अंदाज जवळपास आला नाही. हाच खेळ रोज खेळला की डोळा आपोआप हिशेब दुरुस्त करायला लागतो.

म्हणूनच आरसा आला म्हणून मान वळवणं सोडायचं नाही. नेवासा फाट्याकडून येऊन शिंगणापूरकडे वळायचं तर हायवेवर उजवीकडे वळावं लागतं. आधी आरसा. त्यात गाडी दिसली तर थांबा, मान वळवायची गरजच नाही. रस्ता मोकळा दिसला तर मान वळवून खात्री, मग हात, मग वळण. लहान मुलं मान उजवीकडे वळवतात तेव्हा हँडलही तिकडेच ओढलं जातं, हे तुम्ही पाहिलं असेलच. नको तेव्हा मान वळवणं आरशामुळे वाचतं. शंका वाटली तर उतरा, सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. त्यात लाज कसली?

अंधारात मागच्या गाडीचा हेडलाइट आरशातून डोळ्यांवर येतो. तेव्हा डोकं जरा बाजूला घ्यायचं. आरसा हलवत बसायचं नाही.

पालक सभेत हे सगळं सांगितलं तेव्हा ऊस वाहतूक करणारे एक पालक शेवटी उठून म्हणाले, "मॅडम, माझ्या ट्रॅक्टरलाही आरसा आहे. पण ऊस भरला की मागच्या ट्रॉलीजवळ कोण आहे ते मला त्यात दिसत नाही." त्यांचं हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं आणि मुलांना मैदानावर नेलं.