न्याय मागणारी विधवा आणि गप्प राहणारे आपण



संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायातला न्यायाधीश आणि विधवेचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सतत प्रार्थना करावी, खचून जाऊ नये, हा त्याचा बोध आपल्याला पाठ आहे. पण एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती विधवा न्यायाधीशाकडे दान मागत नाही. नवा कायदा करा, असेही ती म्हणत नाही. विधवा, अनाथ आणि परके यांना न्याय द्यावा हा नियम मोशेच्या काळापासून होताच. कायदा होता, न्यायाधीश होता, फक्त अंमलबजावणी नव्हती. म्हणून तिला पुन्हा पुन्हा उंबरठा झिजवावा लागला.

आपल्या देशातील जातिभेदाविरुद्धच्या कायद्यांचेही असेच आहे. या आठवड्याच्या पाठात त्याचा विचार करू.

कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये आला. तो अपुरा पडला, म्हणून १९८९ मध्ये अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा संमत झाला. लोक त्याला 'ॲट्रॉसिटी' म्हणतात. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. २०१५ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली.

या कायद्यातील व त्याच्या नियमांतील काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात:

१. तोंडी तक्रार पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, तिच्यावर सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची अट नाही.

२. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. आपल्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरात हे काम सहायक पोलीस आयुक्तांकडे येते. ६० दिवसांत आरोपपत्र दाखल व्हावे, अशी अपेक्षा आहे.

३. खटला विशेष न्यायालयात चालतो. पीडिताला व साक्षीदाराला संरक्षण मिळण्याचा आणि जामिनाच्या वेळी पीडिताचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क आहे.

४. जो सरकारी अधिकारी आपले कर्तव्य जाणूनबुजून टाळतो, त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. मात्र तो अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असल्यास हे कलम त्याला लागत नाही.

५. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते. डिसेंबर २०२१ पासून १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे.

६. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते. तिने दर तीन महिन्यांनी बैठक घेऊन अशा प्रकरणांचा आढावा घ्यायचा असतो.

कागदावर हे सारे उत्तम आहे. मग अडते कुठे?

खैरलांजीचा धडा

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आई सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर आणि रोशन. वडील भैय्यालाल तेवढे वाचले. हे नाव आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण त्या हल्ल्यामागचे कारण कदाचित आठवणार नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला एका माणसाला मारहाण झाली होती. ती कोणी केली, हे सुरेखाबाईंनी पोलिसांना सांगितले होते. संशयित जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हल्ला झाला. म्हणजे एका बाईने साक्ष दिली आणि तिचे घर संपले.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप झाली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली. पण दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. हा गुन्हा साक्ष दिल्याच्या रागातून झाला, जातीमुळे नव्हे, असे त्यांचे मत होते. भैय्यालाल भोतमांगे सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न पाहताच २० जानेवारी २०१७ रोजी वारले.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हेतू आणि ज्ञान यांतील फरक शिकवला गेला होता. तो इथे उपयोगी पडतो. माणूस रागावतो शेतावरून, पैशावरून किंवा साक्षीवरून. पण तो राग कोणावर काढायचा आणि किती थराला न्यायचा, हे ठरवताना समोरचा कोणत्या जातीचा आहे, त्याच्यामागे कोण उभे राहील, हे त्याला पक्के ठाऊक असते. पूर्वी गंभीर गुन्ह्यांच्या कलमात, गुन्हा जातीच्या कारणावरून झाला, असे सिद्ध करावे लागे. २०१५ च्या सुधारणेने ते बदलले. समोरची व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे हे ठाऊक असताना गुन्हा केला, एवढे आता त्या कलमासाठी पुरते. एका शब्दाच्या बदलात केवढे दुःख दडलेले आहे!

साक्षीदार कुठे गेले?

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले. मुलाला पाहणारे डोळे होते. न्यायालयात बोलणारी तोंडे नव्हती.

हे दूरच्या खेड्यांतच घडते, असे समजू नका. जुलै २०१६ मध्ये आपल्या नवी मुंबईत, नेरूळला, एका अल्पवयीन दलित मुलाचा प्रेमप्रकरणावरून झालेल्या मारहाणीत जीव गेला. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला गेला. आपण आधीच पोलिसांकडे मदत मागितली होती, असे त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते.

'आठवी आज्ञा' म्हटले की आपल्याला खोटे बोलणे आठवते. पण लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे की, ज्याने पाहिले किंवा ज्याला ठाऊक आहे, तो साक्षीसाठी बोलावल्यावर गप्प राहिला, तर दोष त्याच्या माथी येतो. खोटी साक्ष पाप आहे, तशीच दडवलेली खरी साक्षही पाप आहे.

'पण गैरवापर होतो ना, फादर?'

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. तो टाळणे बरे नव्हे. कराडच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यात २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने, गैरवापर टाळण्यासाठी, अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. देशभर निषेध झाला. संसदेने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच त्या अटी मागे घेतल्या. खोटी तक्रार माणसाच्या दोषातून होते, त्याच्या जातीमुळे नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. खोटी तक्रार कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते. चोरीची खोटी तक्रार होते म्हणून चोरीचा कायदा रद्द करा, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या घरातील प्रश्न

आपल्या मराठी मिस्सेला येणारी काही कुटुंबे नगर, जालना आणि संभाजीनगर भागांतून पोटापाण्यासाठी इथे आली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती दलितांना नाही. त्यामुळे या कायद्याचे छत्रही त्यांच्या डोक्यावर नाही. आदिवासींच्या बाबतीत धर्माची अट नाही, म्हणून आदिवासी ख्रिस्ती बांधवांना मात्र ते मिळते. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहू. ख्रिस्तसभेतही जातिभेद आहे, हे भारतातील महागुरुस्वामींच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या धोरणात मान्य केले आहे. याकोबाच्या पत्रातील सोन्याची अंगठी घातलेला आणि मळकट कपड्यांतला असे दोघे आजही आपल्या दारात येतात. भाडेकरूचे आडनाव विचारून घर नाकारणे, घरकामाच्या बाईचा कप वेगळा ठेवणे, मुलामुलीचे लग्न ठरवताना 'मूळ' काढणे, हे कायद्याच्या कलमात बसो वा न बसो, येशूच्या भोजनाच्या मेजावर ते बसत नाही.

आमची एक चूक

शेवटी एक कबुली. काही महिन्यांपूर्वी आपल्याच परिसरातील एक बौद्ध माता आमच्याकडे आली. तिचा मुलगा एका सोसायटीत साफसफाई करतो. फाटकापाशी, लोकांदेखत, त्याला जातीवरून शिवी देऊन मारले गेले. पोलीस ठाण्यात केवळ किरकोळ भांडण म्हणून नोंद झाली. आम्ही तिला म्हणालो, "बाई, मिटवून टाका. माफ करा." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "फादर, माफ करीन मी. पण माफी कुणी मागितली का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. संत थॉमस अक्विनास यांच्या मते ज्याचे जे असेल ते त्याला देण्याची दृढ इच्छा म्हणजे न्याय. त्या मुलाची प्रतिष्ठा त्याची होती. ती परत देण्याआधीच आम्ही त्याच्याकडून क्षमा मागत होतो. क्षमा हे देणाऱ्याचे दान आहे. आमच्यासारख्या तिसऱ्याने ती दुसऱ्याच्या खिशातून काढून वाटायची नसते. आणि मनापासून क्षमा केली, तरी साक्ष, तपास आणि निकाल यांची गरज उरतेच, कारण उद्या त्याच फाटकापाशी दुसरा मुलगा उभा असेल.

त्या मातेने पुढे आयुक्तालयाकडे लेखी तक्रार पाठवली. आता गुन्हा योग्य कलमांखाली नोंदला गेला आहे आणि अधिकारी साक्षीदार शोधत आहेत. त्या सकाळी फाटकापाशी आपल्या धर्मग्रामातील दोघे उभे होते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांची नावे आम्ही कुणाला सांगितलेली नाहीत आणि सांगणारही नाही. भीती वाटणे पाप नाही. पण हे पान त्यांच्या हाती पडले, तर त्यांनी एकदा कार्यालयात येऊन बसावे. जबाब द्यायला जाताना आम्ही सोबत येऊ. आमच्या चुकीचे एवढे तरी प्रायश्चित्त आम्हाला करू द्या.

चिंतनासाठी (लहान ख्रिस्ती समूहात)

१. दाखल्यातील विधवा आज आपल्या वस्तीत कोणाच्या रूपाने दार ठोठावत आहे?

२. 'आपल्याला काय करायचे आहे' म्हणून आपण कधी पाहिलेले सांगायचे टाळले आहे का?

३. आपल्या घरात किंवा सोसायटीत या आठवड्यात बदलता येईल अशी एक प्रथा कोणती?

प्रार्थना

हे न्यायी प्रभो, तू विधवेचे गाऱ्हाणे ऐकतोस. आमचे डोळे उघड, आमची जीभ मोकळी कर आणि खरे बोलणाऱ्यांचे रक्षण कर. आमेन.