लावदिकीयाचे पाणी

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी एक पाठ लिहावा, अशी चालकांची आज्ञा झाली तेव्हा उपकारस्तुतीचे एखादे स्तोत्र घ्यावे असे आमच्या मनात होते. परंतु अहवालाची कच्ची प्रत चाळताना एका वाक्यावर नजर अडली. 'संस्थेस आता कशाचीही उणीव नाही.' वाक्य खरे आहे. हिशेबही चोख आहेत. तरीपण हे शब्द पूर्वी कोठे वाचले, याचा शोध घेत आम्ही प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय काढला. लावदिकीयाची मंडळी स्वतःविषयी जवळजवळ हेच म्हणत होती.

सात मंडळ्यांना पाठविलेल्या पत्रांतील हे शेवटचे. इतर सहांना शाबासकीचा एखादा तरी शब्द मिळतो, हिला तेवढाही नाही. नवल असे की, हिच्यावर पाखंडाचा आरोप नाही, मूर्तीचा नैवेद्य खाल्ल्याचा नाही, छळाला भिऊन प्रभूला नाकारल्याचाही नाही. ती कोमट आहे, एवढेच.

या शब्दाची धार कळण्यास ते शहर पाहिले पाहिजे. आजच्या तुर्कस्तानात देनिझलीजवळ त्याचे अवशेष आहेत. उत्तरेस सुमारे 10 किलोमीटरवर हेरापली. तेथील ऊन पाण्याचे झरे अद्याप वाहतात, आणि दुखणाईत लोक पूर्वी तेथे स्नानाला जात. पूर्वेकडे डोंगराच्या पायथ्याशी थंड पाण्याचे कलस्सै. लावदिकीयाला मात्र पाणी दूरच्या झऱ्यांवरून नळांनी आणावे लागे. त्या नळांत साचलेला चुन्याचा थर आजही पाहावयास मिळतो. तोंडात घेताच थुंकून टाकावेसे वाटणारे पाणी कसे असते, हे त्या लोकांना समजावून सांगावे लागले नसावे.

येथे थोडा खुलासा केला पाहिजे. उष्ण म्हणजे आवेशी, थंड म्हणजे अविश्वासी आणि कोमट म्हणजे अधलामधला, असा अर्थ आम्ही रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. पण मग तू थंड तरी असतास तर बरे, असे प्रभू कसे म्हणेल? ऊन पाण्याने अंग शेकते, गार पाण्याने तहान भागते; दोन्ही कोणाच्या तरी कामी येतात. झऱ्यापासून लांब येता येता कोमटलेले पाणी कोणाच्याच कामाचे नाही. कित्येक भाष्यकारांनी दिलेला हा अर्थ आम्हांला अधिक पटतो, आणि अधिक बोचतोही.

शहर सावकारीचे होते. इ.स.पूर्व 51 मध्ये सिसेरोने आपली हुंडी येथे वटविली. इ.स. 60 मध्ये ते भूकंपाने कोसळले, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभे राहिले, अशी नोंद टॅसिटसने केली आहे. काळ्या लोकरीबद्दल त्याची ख्याती होती, जवळच वैद्यकाची शाळा होती. अशा गावाला सोने, पांढरी वस्त्रे आणि डोळ्यांसाठी अंजन माझ्याकडून विकत घे, असे सांगितले आहे!

आपल्या ट्रस्टचा आरंभ मूठ मूठ तांदळाने झाला. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी घरची बाई एक मूठ पिशवीत टाकी आणि शनिवारी ती पिशवी कोणीतरी आजाऱ्याच्या घरी नेई, दोन घटका बसे, प्रार्थना करी. आता मदत थेट बँकेत जमा होते. सोय उत्तम आहे. पण गेल्या वर्षी ज्यांना औषधासाठी मदत दिली, त्यांतील कितीजणांचे दार आम्ही पाहिले? आम्ही स्वतः एकाचेही नाही. घरी जेवणाआधीची प्रार्थनादेखील भाजी निवू नये म्हणून उरकतो.

ज्यांनी काही सोडलेच नाही त्यांनाच हे दुखणे जडते असेही नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यापायी जात गेली, आप्त तुटले, पत्नीचाही काही वर्षे वियोग झाला. तेवढ्यावर कोणीही जन्मभर समाधानाने बसला असता. पुढे पाळकपण, 'ज्ञानोदया'चे संपादन आणि कवी म्हणून कीर्ती, सर्व लाभले. तरी 1917 साली पन्नाशी उलटल्यावर मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. 1919 मध्ये ते वारले. दरबार पुढे फार टिकला नाही. यावरून त्यांना अव्यवहारी म्हणणारे भेटतात. आम्हांला मात्र त्यांचा हेवा वाटतो.

पत्राच्या अखेरीस प्रभू दाराशी उभा राहून ठोकतो आहे. हे चित्र आपण सुवार्तेच्या सभेत बाहेरच्या माणसाला दाखवितो. पत्र लिहिले आहे ते मंडळीला. दार तिचेच, आणि तो बाहेर! दार उघडले तर आत येऊन तो तिच्याबरोबर जेवणार आहे.

हा पाठ चालकांना वाचून दाखविला. अहवालातील ते वाक्य त्यांनी तसेच ठेवले. खोडा असे आम्हीही म्हटले नाही. परंतु येत्या महिन्यापासून औषधाची मदत दोघा-दोघांनी घरी जाऊन द्यावी असे ठरले असून, पहिल्या शनिवारची पाळी आमची आहे.